दाबकळ, मुद्रित मंडलावरील

मुद्रित मंडल फलकावर थेट डाखून बसविलेली, बोटाने दाबली असता विद्युत् मंडल पूर्ण करणारी व बोट उचलताच ते खंडित करणारी कमी उंचीची कळ. दूरचित्रवाणी संच, कपडे धुण्याचे यंत्र, विद्युत् शेगडी, रक्तदाबमापक, संगणकाचा पडदा, मोटारगाडीचा दर्शकफलक, मोबाइल दूरध्वनीची कड अशा असंख्य ठिकाणी ती असते. मात्र वापरणाऱ्याला दिसते ती तिच्यावरची प्लॅस्टिकची टोपी. खुद्द कळ त्या टोपीखाली दडलेली असते. तिची उंची सामान्यतः ०·५ ते ५ मिमी., दाबले असता होणारी हालचाल सु. ०·२५ मिमी. आणि किंमत संपूर्ण उपकरणाच्या मानाने नगण्य असते.

फलकावरील रोधक, धारित्रे, संकलित मंडले इ. घटकांना उष्णता व विद्युत् दाब सोसावे लागतात. परंतु मनुष्याचा हात ज्यावर दिवसातून अनेक वेळा प्रत्यक्ष बल लावतो असा घटक बहुधा ही कळ एकच असते. म्हणून ती फलकावर बसविणे हा प्रश्न विद्युत् जोडणीचा जेवढा आहे त्याहून अधिक यांत्रिकीचा आहे. बोटाचा दाब कळीच्या बुडातून फलकात व फलकातून उपकरणाच्या पेटीत गेला, तर कळ लाखो वेळा दाबूनही टिकते. तोच दाब डाखाच्या सांध्यांवर पडला, तर उत्तम कळही काही महिन्यांत निकामी होते. हजारो रुपयांची उपकरणे केवळ एक कळ चालेनाशी झाल्यामुळे भंगारात जातात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

इतिहास : रेडिओच्या आरंभीच्या काळात कळा व स्विच धातूच्या दर्शनी पत्र्यावर नटाने आवळून बसवीत आणि त्यांच्यापासून तारा ओढून मंडलाला जोडीत. दाबाचा सर्व भार पत्रा घेई; तारेला फक्त प्रवाह वाहून न्यावा लागे. पॉल आइस्लर (१९०७–९२) या ऑस्ट्रियन अभियंत्यांनी लंडन येथे १९३६ च्या सुमारास पातळ धातुपत्र्यातून मंडल कोरून काढण्याच्या पद्धतीवर काम सुरू केले. दुसऱ्या महायुद्धानंतर मुद्रित मंडलांचा प्रसार झाला [⟶ मुद्रित मंडल], तेव्हा तारा गेल्या आणि हळूहळू कळाही फलकावर आल्या. हातात मावणाऱ्या गणकयंत्रांनी या बदलाला मोठी गती दिली. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या व कळांच्या संख्येवरून नाव मिळालेल्या एचपी-३५ या गणकयंत्रात ३५ कळा होत्या आणि दाबताना त्या ‘टक्’ असा स्पष्ट प्रतिसाद देत. खिशात मावणाऱ्या पेटीत एवढ्या कळा तारांनी जोडणे शक्यच नव्हते. पुढे १९८० नंतर घटकांचे पाय छिद्रांतून न घालता ते फलकाच्या पृष्ठावरच डाखण्याची पद्धत रूढ झाली, तशी कळांची उंचीही झपाट्याने कमी होत गेली.

रचना व कार्य : सर्वाधिक प्रचारातील कळ ६ × ६ मिमी. चौरस बुडाची असते. उष्णतेला टिकणाऱ्या प्लॅस्टिकच्या बुडात चांदीचा मुलामा दिलेले स्थिर संपर्क ओतकामाच्या वेळीच बसविलेले असतात. त्यांच्यावर अगंज पोलादाची किंवा फॉस्फर ब्राँझची पातळ, घुमटासारखी फुगीर चकती असते. तिला येथे घुमटी म्हटले आहे. घुमटीची कड एका संपर्कावर टेकलेली असते व तिचा मध्य दुसऱ्या संपर्कापासून किंचित वर तरंगत असतो. घुमटीवर छोटा दट्ट्या आणि त्याला धरून ठेवणारे धातूचे झाकण असते.

दट्ट्या दाबू लागताच घुमटी प्रथम विरोध करते व हा विरोध वाढत जातो. विशिष्ट बलाला तिचा फुगवटा एकाएकी आत जातो, विरोध घटतो, आणि त्याच क्षणी मध्यभाग खालच्या संपर्काला भिडून मंडल पूर्ण होते. बोट उचलले की घुमटी स्वतःच्या स्थितिस्थापकतेने पूर्वरूपात येते. वेगळी स्प्रिंग लागत नाही. बोटाला जाणवणारा ‘टक्’ म्हणजे विरोधातील ही अचानक घट होय. घट जितकी मोठी तितका स्पर्श स्पष्ट, पण तितकाच घुमटीवर ताणही अधिक व शिणवट्याने तिला तडा जाण्याचा संभव अधिक. त्यामुळे फार कुरकुरीत वाटणारी कळ दीर्घायुषी असतेच असे नाही. सामान्य कळांना सु. १, १·६ किंवा २·६ न्यूटन बल लागते (१ न्यूटन म्हणजे सु. १०० ग्रॅ. वजनाचा भार). त्यांचे आयुष्य प्रकारानुसार एक लाख ते दहा लाख दाबांचे सांगितले जाते.

विद्युत् दृष्ट्या ही कळ दुबळी असते. भिंतीवरील स्विच २३० व्होल्टला काही अँपिअर प्रवाह तोडतो, तर हिची क्षमता बहुधा १२ व्होल्ट व ५० मिलिअँपिअर एवढीच असते. तिला दिवा किंवा चलित्र चालवावयाचे नसते. ‘दाबले गेले’ हा निरोप सूक्ष्मप्रक्रियकाला पोहोचवावयाचा असतो.

केवळ स्पर्शावर भिस्त ठेवता येत नाही अशी उपकरणेही आहेत. भारतातील इलेक्ट्रॉनीय मतदान यंत्र केरळमधील परूर मतदारसंघात १९८२ मध्ये प्रथम वापरले गेले. त्याच्या मतदान-एककावर कमाल १६ उमेदवारांसाठी कळा असतात, आणि कळ दाबल्यावर शेजारचा लाल दिवा लागतो व नियंत्रण-एककातून लांब आवाज येतो. स्पर्श, प्रकाश व ध्वनी अशी तिहेरी ग्वाही येथे मुद्दाम दिलेली आहे. उलट, दृष्टिहीन व्यक्तीला कळीचा उठाव व तिचा ‘टक्’ हीच काय ती खूण असते. अलीकडे शेगड्या व धुलाई यंत्रे यांवर कळांऐवजी गुळगुळीत स्पर्शपटल देण्याकडे कल आहे. पुसायला ते सोपे असले, तरी या व्यक्तींकडून त्यांना वापरता येणारे उपकरण काढून घेतले जाते, याचा विचार क्वचितच होतो.

पायांच्या कळा : ६ × ६ मिमी. कळीला चार पाय असतात. ते दोन समोरासमोरच्या बाजूंना दोन-दोन असे असून एका बाजूच्या दोन पायांतील अंतर ४·५ मिमी. व दोन बाजूंमधील अंतर ६·५ मिमी. असते. फलकात त्यांच्यासाठी सु. १ मिमी. व्यासाची छिद्रे पाडतात. विद्युत् दृष्ट्या मात्र हे चार पाय म्हणजे दोनच अग्रे असतात : ६·५ मिमी. अंतरावर समोरासमोर असलेले दोन पाय आतून एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. नवशिका आराखडाकार ही गोष्ट विसरून त्याच दोन पायांना मंडलाची दोन टोके जोडतो, आणि कळ न दाबताही मंडल पूर्णच राहते. तिरक्या कर्णावरील दोन पाय निवडले, तर ही चूक घडूच शकत नाही. अनुभवी लोक म्हणूनच डोळे झाकून कर्णावरचे पाय घेतात. आतील जोडाचा एक फायदाही आहे. एकाच बाजूला तांबे असलेल्या स्वस्त फलकावर एक वाहकपट्टी दुसरीवरून न्यावयाची असेल, तर ती कळीच्या पोटातून पूल बांधल्यासारखी नेता येते.

विद्युत् दृष्ट्या दोन पाय पुरत असले, तरी चारही डाखावे लागतात. पाय थोडे मुरडलेले असतात. छिद्रात शिरताना ते दबतात व आत गेल्यावर पसरून कळीला धरून ठेवतात. ही मुरड नीट बसण्याइतकी कळ दाबून घातली आणि तिचे बूड चारही कोपऱ्यांनी फलकाला टेकले, तरच काम खरे झाले असे समजावे. एक बाजू अर्धा मिलिमीटर वर राहिली, तरी पुढील प्रत्येक दाब बुडातून फलकात न जाता पायांतून डाखात जातो. फलकाच्या खालच्या बाजूलाच तांबे असेल, तर हा धोका दुपटीने वाढतो. पाय खाली ढकलला गेला की तो डाखासह तांब्याच्या ठिपक्याला फलकापासून सोलून काढू लागतो, आणि तांबे फलकाला केवळ चिकटवलेले असते. नेहमीच्या फलकावर तांब्याचा थर ०·०३५ मिमी. जाडीचा असतो व तो सोलण्यास पट्टीच्या रुंदीच्या दर मिमी.ला सु. १ ते १·५ न्यूटन एवढेच बल पुरते. कागद व फिनॉलिक रेझीन यांच्या तपकिरी फलकात तर डाखताना जास्त वेळ उष्णता दिली, तरी ही पकड ढिली होते. दोन्ही बाजूंना तांबे व छिद्रांना आतून मुलामा असलेल्या फलकात डाख संपूर्ण छिद्रभर उतरतो आणि बल छिद्राच्या भिंतीवर वाटले जाते. त्यामुळे असे सांधे सहसा उखडत नाहीत. स्वस्त फलक वापरणे भागच असेल, तर निदान पायांभोवतीचे ठिपके मोठे ठेवावेत.

उष्णता आणि अभिवाह : हाताने डाख देताना डाखणीचे टोक सु. ३५०° से.च्या वर नसावे व एका पायाला ३ सेकंदांहून अधिक वेळ लावू नये, असे निर्माते सांगतात. वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून फलक नेण्याच्या पद्धतीत २६०° से. व ५ सेकंद ही नेहमीची मर्यादा होय. ही मर्यादा ओलांडल्यास बुडाचे प्लॅस्टिक पायांभोवती मऊ होते. बाहेरून काहीच दिसत नाही. पण आतील स्थिर संपर्क किंचित सरकतात, आणि पाव मिलिमीटर चालीच्या कळीत किंचित सरकणेही पुष्कळ होते. डाख गरम असताना कळ दाबून पाहण्याचा मोह टाळावा तो याच कारणाने.

उष्णतेपेक्षाही मोठा व बहुतेकांच्या ध्यानात न येणारा शत्रू म्हणजे अभिवाह. धातूवरील ऑक्साइड काढून डाख पसरविण्यासाठी वापरलेला हा पदार्थ (व्यवहारात फ्लक्स) गरम झाल्यावर पाण्यासारखा पातळ होतो आणि केशाकर्षणाने पाय व प्लॅस्टिक यांमधील फटीतून वर चढतो. संपर्कावर तो वाळला की रेझिनाचा निरोधक थर बनतो. कळ कारखान्यात चालते, दुकानात चालते व ग्राहकाच्या घरी काही आठवड्यांनी अडखळू लागते. पाय प्लॅस्टिकमध्येच ओतलेल्या कळांत ही फट जवळजवळ नसते. फलक धुवून अभिवाह काढण्याचा उपाय येथे उलटतो, कारण धुण्याच्या द्रवात विरघळलेला अभिवाहच झाकणाच्या फटीतून आत जातो. न मोहरबंद केलेली कळ कधीही धुवू नये. ती बाकीचे डाखकाम व धुलाई झाल्यानंतर सर्वांत शेवटी बसवावी, किंवा धुण्याची गरज न पडणारा अभिवाह वापरावा [⟶ झाळकाम व डाखकाम].

पृष्ठस्थ कळा : यांना छिद्रांतून जाणारे पाय नसतात. भोके पाडलेल्या सु. ०·१ ते ०·१५ मिमी. जाडीच्या पोलादी पत्र्यातून डाखाचा लेप तांब्याच्या ठिपक्यांवर उमटवितात. यंत्राची निर्वात नळी कळ उचलून त्यावर ठेवते आणि फलक भट्टीतून जाताना लेप वितळून सांधा तयार होतो. कथिल व शिसे यांचा जुना डाख १८३° से.ला वितळे. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनीय उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. भारतातही २०११ च्या ई-कचरा नियमांत तशी मर्यादा आली. आता प्रचलित असलेला कथिल, चांदी व तांबे यांचा डाख सु. २१७° से.ला वितळू लागतो, म्हणून भट्टीचे कमाल तापमान २४०° ते २६०° से.पर्यंत न्यावे लागते. जुन्या प्लॅस्टिकच्या कळा या भट्टीत टिकत नाहीत. कळ विकत घेताना ती ‘पृष्ठस्थ’ आहे एवढे पाहून भागत नाही, तर तिला हे तापमान सोसते की नाही हेही पाहावे लागते.

पृष्ठस्थ कळ सरळ खाली दाबली जात असेल, तर बूड फलकावर टेकलेले असल्याने सांध्यांवर फारसा भार येत नाही. अडचण आहे ती कडेने दाबावयाच्या कळांची. मोबाइल दूरध्वनीच्या कडेवरील कळीवर बोटाचे बल फलकाच्या प्रतलातच लागते व ते सगळेच्या सगळे सांध्यांना कातरू पाहते. दूरध्वनी हातातून कडेवर पडला, तर क्षणभर हे बल कित्येक पटींनी वाढते. म्हणून अशा कळांच्या बुडाला प्लॅस्टिकच्या एक-दोन खुंट्या असतात व त्या फलकातील छिद्रांत बसतात. शिवाय झाकणाच्या धातूच्या कानांना वेगळे, विद्युत् दृष्ट्या निरुपयोगी असे ठिपके देऊन तेही डाखतात. खुंट्यांची छिद्रे पाडण्याचा खर्च वाचविण्यासाठी बिनखुंटीची कळ निवडणे ही काटकसर अंगाशी येते. कळीच्या पाठीशी पेटीची किंवा धातूच्या चौकटीची एखादी भिंत टेकवता आली, तर उत्तमच. उंची आणखी कमी हवी असेल, तेव्हा फलकाच्या कडेला खाच कापून कळ तीत अर्धी बुडवितात.

मापांतील फरक : कळ फलकावर नीट बसली, तरी तिच्यावरची टोपी तिला नेमकी गाठेल याची खात्री नसते, आणि आराखड्यातील सर्वांत अवघड भाग हाच होय. प्रत्येक वस्तू कागदावरील मापाहून थोडी लहान-मोठी निघते. उदा., कळीच्या उंचीत ± ०·२ मिमी., टोपीच्या दांड्यात ± ०·१ मिमी. आणि पेटीच्या खांबांत ± ०·१ मिमी. फरक मान्य केला आणि कळ ०·१ मिमी. वर राहून डाखली गेली, तर हे सर्व फरक एकाच दिशेला साचल्यास बेरीज ०·५ मिमी. होते. कळीची संपूर्ण चाल मात्र ०·२५ मिमी. आहे. म्हणजे टोपी व दट्ट्या यांत अंतर शून्य ठेवून आराखडा केला, तर काही नगांत पेटी बंद करताच कळ कायमची दाबली जाईल. अंतर अर्धा मिमी. ठेवले, तर काही नगांत टोपी जवळजवळ १ मिमी. खुळखुळत राहील. उपकरण चालू केल्यावर आवाज आपोआप वाढतच राहतो किंवा पट्ट्या सारख्या बदलत राहतात, अशा तक्रारींत काही वेळा टोपीने दाबून धरलेली कळच सापडते.

या बेरजेतून एक मोठा आकडा मात्र विनासायास वगळता येतो. नेहमीच्या फलकाची जाडी १·६ मिमी. असते व तीत १० टक्के, म्हणजे ± ०·१६ मिमी. फरक चालवून घेतात. फलक मागच्या बाजूने खांबांवर टेकवला, तर हा फरक बेरजेत शिरून ती ०·६६ मिमी. होते. फलकाची कळा असलेली बाजूच पेटीच्या दर्शनी भागातून आलेल्या खांबांवर टेकवली, तर जाडी कितीही असो, कळ व टोपी यांतील अंतर बदलत नाही. या बदलाला एक पैसाही लागत नाही, आणि तरीही अनेक उपकरणांत फलक उलट्या बाजूने आवळलेला आढळतो.

उरलेला फरक कुठेतरी शोषला गेला पाहिजे. टोपी सुटी न ठेवता ती पेटीच्याच प्लॅस्टिकच्या लवचिक जिभेवर घडवितात. ही जीभ टोपीला हलकेच वर धरून ठेवते, त्यामुळे अंतर असले तरी खुळखुळ होत नाही. टोपी व दट्ट्या यांमध्ये मऊ सिलिकोन रबराचा ठोकळा ठेवणे हाही चांगला उपाय आहे; दट्ट्या तळाला टेकल्यावर बोटाचे अतिरिक्त बल रबर दबण्यात खर्च होते. तेही नसेल, तर टोपीला अडणी द्यावी, म्हणजे ठरावीक चालीनंतर टोपी पेटीलाच अडेल. कळीला २ न्यूटन बल पुरते; पण उपकरण प्रतिसाद देत नाही असे वाटले की माणूस त्याच्या दहा-वीस पट बलाने ती दाबतो, ही गोष्ट गृहीत धरूनच आराखडा करावा लागतो.

फलकाचे वाकणे : दोन टोकांना टेकलेल्या पट्टीच्या मध्यावर भार दिला, तर तिचा झोक लांबीच्या घनाच्या समप्रमाणात व जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. काचतंतू व एपॉक्सी रेझीन यांच्या १·६ मिमी. जाड व ३० मिमी. रुंद फलकाला ८० मिमी. अंतरावर आधार असेल आणि मधोमधच्या कळीवर १० न्यूटन बल दिले, तर फलक सु. ०·५ मिमी. वाकतो. हे वाकणे कळीच्या चालीच्या दुप्पट आहे. बोटाला मग ‘टक्’ ऐवजी लिबलिबीत स्पर्श जाणवतो. फलक ०·८ मिमी. जाड घेतला, तर हेच वाकणे आठ पट होते. मध्ये एक आधार देऊन अंतर ४० मिमी. केले, तर ते आठव्या हिश्श्यावर येते. कळीच्या पाठीमागे पेटीतून आलेला एक साधा खांब एवढे काम करतो.

वाकण्याचा खरा अपाय स्पर्शाला नसून शेजारच्या घटकांना होतो. अनेक थरांची सिरॅमिक धारित्रे ठिसूळ असतात. फलक वारंवार वाकला की त्यांच्या टोकापासून तिरकी चीर पडते. चीर विरुद्ध थरांना जोडून गेली, तर धारित्रात मंडल-संक्षेप होऊन ते तापते व क्वचित पेटही घेते. कळीची तक्रार म्हणून आलेल्या उपकरणात अशा वेळी कळ पूर्ण निर्दोष आढळते. म्हणून कळीच्या अगदी जवळ, तसेच कळ आणि आधाराचा खांब यांच्या मधल्या पट्ट्यात अशी धारित्रे ठेवू नयेत. ठेवावीच लागली, तर त्यांची लांबी वाकण्याच्या दिशेला काटकोनात ठेवावी.

केवळ घुमटीची कळ : उंची अगदीच कमी हवी असेल, तर बूड, दट्ट्या व झाकण हे सर्व वगळून घुमटी थेट फलकावर ठेवतात. फलकावरील तांब्याच्या कड्यावर तिची कड व मधल्या ठिपक्यावर तिचा मध्य येतो. पॉलिएस्टराचा चिकट पापुद्रा तिला जागेवर धरतो. डाख मुळीच लागत नाही, त्यामुळे उष्णता व अभिवाह यांचे प्रश्नही उद्‌भवत नाहीत. मात्र येथे फलकावरील तांबे हाच संपर्क असल्याने त्याला निकेल व त्यावर सोन्याचा पातळ मुलामा द्यावा लागतो. डाखाचा मुलामा चालत नाही. आणखी एक खुबी अशी की, घुमटी खाली जाताना तिच्याखालची हवा बाहेर पडण्यास वाट हवी. पापुद्रा चहूबाजूंनी घट्ट चिकटविला, तर हवा उशीसारखी अडते व ‘टक्’ बोथट होतो. म्हणून शेजारशेजारच्या घुमट्यांना जोडणारे अरुंद मार्ग पापुद्र्यात मोकळे ठेवतात. हवा एकीकडून दुसरीकडे जाते आणि बाहेरची धूळ व ओल आत येत नाही.

विद्युत् बाजू : घुमटी संपर्काला भिडताना काही मिलिसेकंद उसळते व तेवढ्या वेळात मंडल अनेकदा जुळते-तुटते. सूक्ष्मप्रक्रियक एवढा वेगवान असतो की, तो या एका दाबाचे पाच-सहा दाब मोजतो. त्यावर उपाय म्हणून संकेत १० ते २० मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच तो मान्य करण्याची सूचना आज्ञावलीत घालतात.

पाय वाचविण्यासाठी अनेक कळा एकाच तारेवर वेगवेगळ्या रोधकांमार्फत जोडण्याची पद्धत दूरचित्रवाणी संचांत फार रूढ आहे. समजा, ५ व्होल्ट दाब १०,००० ओहम रोधकातून तारेला दिला आहे. पहिली कळ तार थेट भूमीला जोडते, तर दुसरी १,००० ओहम रोधकातून. पहिली दाबली की तारेवर शून्य व्होल्ट आणि दुसरी दाबली की सु. ०·४५ व्होल्ट येतात. या फरकावरून प्रक्रियक कळ ओळखतो. नव्या कळीचा संपर्क-रोध ०·१ ओहमहून कमी असतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. पण अभिवाह, धूळ किंवा काळवंडलेली चांदी यांमुळे पहिल्या कळीचा रोध १,००० ओहमपर्यंत चढला, तर प्रक्रियकाला ती दुसरीच वाटते. आवाज वाढविण्याची कळ दाबली असता वाहिनी बदलते, असे गूढ वाटणारे दोष याच कारणाने उद्‌भवतात. चांदी काळी पडते ती हवेतील हायड्रोजन सल्फाइडामुळे, आणि दमट हवेत ही विक्रिया वेग घेते. खाडीकाठी, उघड्या गटारांजवळ किंवा रासायनिक कारखान्यांच्या परिसरात वापरावयाच्या उपकरणांत सोन्याचा मुलामा दिलेल्या किंवा मोहरबंद कळा घेणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. कोरड्या हवेत बोटावरून उडणारी स्थिर विद्युत् ठिणगी टोपीच्या फटीतून कळीवर येऊ शकते. धातूच्या झाकणाला पाचवा पाय असल्यास तो भूमीला जोडून ही ठिणगी प्रक्रियकाकडे जाण्यापूर्वीच वळविता येते.

दुरुस्ती : कळ बिघडल्याचा संशय आल्यास प्रथम उपकरणाचा विद्युत् पुरवठा पूर्ण तोडावा आणि कर्णावरील दोन पायांमध्ये मल्टिमीटर लावून कळ दाबावी. रोध शून्याजवळ येऊन स्थिर राहिला, तर दोष कळीत नाही; सांध्याभोवती गोल चीर आहे का, तांब्याचा ठिपका उचलला गेला आहे का, हे भिंगाने पाहावे. रोध डळमळत असेल, तर संपर्कशोधक द्रव फवारण्याने काही दिवस सुधारणा दिसते, पण मळ आतच राहतो. कळ बदलणे हाच खरा उपाय होय. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) व पुण्यात बुधवार पेठेत ६ × ६ मिमी.च्या कळा सहज मिळतात, मात्र त्या ४·३ मिमी., ५ मिमी., ७ मिमी. अशा निरनिराळ्या उंचींच्या असतात. बूड व पाय सारखेच असल्याने चुकीच्या उंचीची कळही छिद्रांत बिनतक्रार बसते. जुन्या कळीची उंची फलकाच्या पृष्ठापासून दट्ट्याच्या टोकापर्यंत मोजूनच नवी घ्यावी. जुनी काढताना चारही पायांचा डाख तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घ्यावा व पाय मोकळे हलतात हे पाहून मगच कळ उचलावी. ओढून काढल्यास छिद्राचा मुलामा किंवा ठिपका तिच्याबरोबर येतो. तसे झालेच, तर जवळच्या वाहकपट्टीवरील हिरवा थर खरवडून बारीक तारेने जोड देता येतो. पण त्या कोपऱ्याची यांत्रिक पकड गेलेली असते, म्हणून कळीच्या बुडाशी एपॉक्सी चिकटद्रव्याचा लहानसा थेंब, दट्ट्यापर्यंत पोहोचणार नाही अशा बेताने, लावावा लागतो.